वर्षातून एकदा उघडणारे दार

अमेरिकेच्या न्यू हॅम्पशर राज्यातील पीटरबरो हे जेमतेम साडेसहा हजार वस्तीचे गाव दोन गोष्टींसाठी ओळखले जाते. १८३३ साली गावसभेने ठराव करून सार्वजनिक पैशातून, सर्वांना विनामूल्य खुले असे ग्रंथालय काढले. त्या प्रकारच्या ग्रंथालयांत ते त्या देशातील सर्वांत जुने मानले जाते. दुसरी गोष्ट म्हणजे गावाबाहेरच्या रानात, सुमारे साडेचारशे एकरांत विखुरलेली मॅकडॉवेल ही कलावंतांची निवासभूमी. ग्रंथालयाचे दार पहिल्या दिवसापासून वाटेल त्याला उघडे. कलावंतांच्या रानाचे दार मात्र वर्षभर मिटलेले आणि १९६० पासून वर्षातून एका दिवशी सर्वांसाठी उघडणारे. एकाच गावातील या दोन दारांचा विचार केला, तर कला आणि समाज यांच्या नात्याविषयी आपल्याकडे सभासंमेलनांतून जी गोलगोल चर्चा चालते, तिला काहीसा नेमकेपणा येऊ शकेल.

एडवर्ड मॅकडॉवेल हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा नामवंत अमेरिकन संगीतरचनाकार. कोलंबिया विद्यापीठातील संगीताचा तो पहिला प्राध्यापक. १८९६ मध्ये त्याच्या पत्नीने, पियानोवादक मॅरियन यांनी, पीटरबरोजवळ एक शेत विकत घेतले आणि पुढे पतीला एकांतात काम करता यावे म्हणून झाडीत लाकडाची एक खोपी बांधून दिली. शहरात विद्यापीठाचे वर्ग, परीक्षा आणि अधिकाऱ्यांशी होणारे वाद यांत जे साधत नव्हते ते या खोपीत साधते, असा त्याला अनुभव आला. आपल्याला मिळाले ते इतरांनाही मिळावे, ही इच्छा त्यातूनच उपजली. १९०७ मध्ये संस्था स्थापन झाली, आणि १९०८ च्या जानेवारीत एडवर्डचा मृत्यू झाला. संस्था उभी केली ती मॅरियनबाईंनी. देशभर हिंडून, ठिकठिकाणच्या महिला मंडळांपुढे पतीच्या रचना वाजवून त्यांनी पैसा जमवला आणि एकेक कुटी बांधत नेली. १९५६ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर त्या वारल्या. आपल्याकडील कित्येक शिक्षणसंस्थांच्या इतिहासात असे एखादे झोळी घेऊन हिंडणारे माणूस सापडते. ही बाई त्यांच्याच जातकुळीची.

या संस्थेचा गावाशी पहिला सार्वजनिक संबंध आला तो १९१० साली. हार्वर्ड विद्यापीठातील नाट्यविषयाचे प्राध्यापक जॉर्ज पियर्स बेकर यांनी गावच्या इतिहासावर एक मोठा दृश्यप्रयोग बसवला. त्याला संगीत होते मॅकडॉवेलचे, आणि भूमिका केल्या होत्या गावकऱ्यांनी. प्रयोग झाला कलावंतांच्या भूमीवर, उघड्यावर. म्हणजे दार पहिल्यांदा उघडले तेव्हा गाव प्रेक्षक म्हणून आत आले नव्हते, ते नट म्हणून आले होते. ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

एरवीचा तेथील दिनक्रम म्हणजे कडक एकांत. लेखक, चित्रकार, संगीतकार, वास्तुकार, चित्रपटकार अशी निरनिराळ्या क्षेत्रांतील मंडळी काही आठवड्यांसाठी येतात. प्रत्येकाला रानात स्वतंत्र कुटी मिळते. दुपारचे जेवण टोपलीत घालून कुटीच्या ओसरीवर ठेवले जाते आणि ठेवणारा दारावर थाप न मारता निघून जातो. बोलावल्यावाचून कोणी कोणाच्या कुटीत जात नाही. राहण्या-जेवण्याचे शुल्क नसते, आणि जाताना अमुक इतके काम दाखवावे अशी अटही नसते. जाणारा माणूस एका लाकडी फळीवर आपले नाव आणि तारीख लिहितो, एवढेच. या फळ्यांना तेथील लोक गमतीने थडगी म्हणतात. आजवर हजारो नावे अशा फळ्यांवर चढली आहेत. जेम्स बाल्डविन, विला कॅथर, एरन कोपलंड, लिओनार्ड बर्नस्टाइन ही त्यांतली काही.

ज्याला शाळेत सहा तासिका घेऊन रात्री उत्तरपत्रिका तपासायच्या असतात, किंवा कचेरीत टपालाची आवक-जावक नोंदवून लोकल गाठायची असते, त्याला ही सारी चैन वाटण्याचा संभव आहे. परंतु त्याच माणसाला, जर तो कविता लिहीत असेल किंवा चित्रे काढत असेल, सलग चार आठवडे कोणी हाक मारणार नाही याची किंमत सर्वांत आधी कळते. मराठीतील किती लेखन कचेरीच्या वेळेनंतर, स्वयंपाकघराच्या दिव्याखाली झाले आणि किती व्हायचे राहून गेले, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. तेव्हा एकांत ही कलावंताची मिजास आहे, असे म्हणून हा विषय निकालात काढता येत नाही.

१९६० पासून संस्थेने एक पदक देण्यास प्रारंभ केला. पहिले पदक नाटककार थॉर्नटन वाइल्डर यांना मिळाले. पुढे रॉबर्ट फ्रॉस्ट, अलेक्झांडर काल्डर, जॉर्जिया ओकीफ अशी नावे आली. पदकदानाचा हा उन्हाळ्यातील दिवस हाच दार उघडण्याचा दिवस. हिरवळीवर मांडव घातला जातो, भाषणे होतात, लोक घरून आणलेल्या शिदोऱ्या सोडून झाडांखाली बसतात. नंतर दुपारी त्या वेळी वास्तव्यास असलेले कलावंत आपापल्या कुट्या उघडतात. लोक रानवाटांनी एका कुटीतून दुसऱ्या कुटीत जातात, अपुरे चित्र पाहतात, अर्धवट लिहिलेल्या रचनेचा तुकडा ऐकतात, प्रश्न विचारतात. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. संग्रहालयात चौकटीत बसलेली, निकाल लागून गेलेली कला दिसते. येथे ती अजून चुकत असलेली, खोडली जात असलेली दिसते. शिक्षकाला तर हे दृश्य अधिक मोलाचे वाटावे. विद्यार्थ्याला आपण नेहमी पक्के उत्तर दाखवतो, कच्चे काम क्वचितच दाखवतो.

परंतु वर्षातला एक दिवस पुरतो का? हा प्रश्न कोणा टीकाकाराने नव्हे, तर खुद्द पीटरबरो गावानेच विचारला, आणि तोही रोख भाषेत. २००५ च्या सुमारास गावाने संस्थेला मालमत्ता करात मिळणारी सवलत नाकारली. गावाचे म्हणणे थोडक्यात असे होते की, ही संस्था मूठभर निवडक कलावंतांची सोय पाहते. सर्वसामान्य जनतेची सेवा करत नाही. मग तिला धर्मादाय का मानावे? न्यू हॅम्पशरच्या कायद्यात धर्मादाय संस्थेची जी व्याख्या आहे, तिच्यात जनतेच्या किंवा तिच्यातील मोठ्या व अनिश्चित अशा भागाच्या कल्याणासाठी काम करण्याचे बंधन संस्थेवर असले पाहिजे, आणि त्या जनतेत राज्याचे रहिवासीही असले पाहिजेत, अशी अट आहे. वाद राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००८ मध्ये न्यायालयाने संस्थेच्या बाजूने निर्णय दिला. कलेच्या निर्मितीला साहाय्य करणे हेच सार्वजनिक हिताचे काम आहे आणि त्याचा लाभ कुटीत बसलेल्या कलावंतापुरता राहत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता.

निर्णय योग्यच होता. एखाद्या नाटकाचा लाभ कोणाला झाला हे ते लिहिले जात असताना सांगता येत नाही, आणि कोणत्या कुटीतून नाटक निघेल व कोणत्या कुटीतून नुसतीच चुरगळलेली पाने निघतील हेही सांगता येत नाही. शेतीसंशोधन केंद्राला आपण दर हंगामाला नवे वाण मागत नाही, तसेच हे आहे. तरीही गावाचा प्रश्न अडाण्याचा होता असे समजणे हा उद्धटपणा ठरेल. ज्या गावाने १८३३ मध्ये सार्वजनिक पैशाने पुस्तके घेतली, त्या गावाला सार्वजनिक म्हणजे काय याची समज नव्हती असे कोण म्हणेल? रस्ता गाव दुरुस्त करते, आग लागली तर बंब गाव पाठवते, आणि बदल्यात गावाला काय मिळते हे विचारण्याचा त्याला अधिकार आहे. कोर्टात जिंकलेल्या संस्थेलाही त्या प्रश्नाचे उत्तर गावात जाऊन द्यावेच लागते.

उत्तराचा एक भाग वाइल्डर यांच्या नाटकातच आहे. ‘अवर टाउन’ हे त्यांचे नाटक १९३८ मध्ये रंगभूमीवर आले. ते अंशतः या रानात लिहिले गेले आणि त्यातील कल्पित गाव पीटरबरोवरून सुचले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. नेपथ्य नाही, मोठी घटना नाही. दूधवाला, वर्तमानपत्र टाकणारा मुलगा, शेजारची दोन घरे, एक लग्न, एक मृत्यू. रानात बसलेल्या माणसाने शेजारच्या गावातील माणसे इतक्या निरखून पाहिली, याचा अर्थ एकांताला खिडकी होती. निवासकेंद्राच्या भिंतीला दार किती वेळा उघडते एवढेच मोजून भागणार नाही; आतल्याला बाहेरचे दिसते का, हेही पाहावे लागेल. उद्घाटनाच्या निमंत्रणपत्रिकेत याचा उल्लेख करता येत नाही, म्हणून बहुधा तो राहून जातो.

न्यूयॉर्क राज्यातील याडो या दुसऱ्या जुन्या निवासकेंद्राने निराळी तोड काढली आहे. तेथील गुलाबांची बाग लोकांना खुली आणि कलावंतांचा वाडा बंद. बाग सुंदर आहे. परंतु बाग पाहून परतणाऱ्याला कलेविषयी काय कळले, हा प्रश्न उरतोच. मॅकडॉवेलने २०२० मध्ये आपल्या नावातून ‘कॉलनी’ हा शब्द काढून टाकला. त्या शब्दाला वसाहतवादाचा आणि वगळणुकीचा वास येतो, असे त्यांना वाटले. आपल्याकडे कॉलनी म्हटली की बँक कर्मचाऱ्यांची नाहीतर प्राथमिक शिक्षकांची गृहनिर्माण संस्था डोळ्यांपुढे येते, ही गोष्ट वेगळी.

आपल्या देशात हा विचार परका नाही. शांतिनिकेतनात १९१९ मध्ये कलाभवन सुरू झाले ते बंगालमधील उजाड माळावर, संथाळांच्या वाड्यांशेजारी. तेथील विद्यार्थी व शिक्षक मिळून डिसेंबरच्या आरंभी, नंदलाल बोस यांच्या जयंतीच्या निमित्ताने, नंदन मेळा भरवू लागले. आपल्या हातची चित्रे, भांडी, कापड स्वस्तात विकायचे आणि आलेला पैसा विद्यार्थ्यांच्या अडीअडचणींसाठी ठेवायचा, अशी त्यामागची कल्पना. पौषातील जत्रा त्याहून कितीतरी मोठी आणि जुनी. परंतु जत्रा फार वाढली की तिचे काय होते, हेही शांतिनिकेतनानेच पाहिले. गर्दी, कचरा, प्रदूषणाविषयीचे खटले यांनी बेजार होऊन २०२० पासून काही वर्षे विश्वभारतीने ती भरवलीच नाही. दार किती रुंद उघडावे यालाही मर्यादा असते, ती ही.

नंदलालांचा महाराष्ट्राशी आलेला संबंध या संदर्भात मुद्दाम आठवावा असा आहे. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच खेड्यात भरले, ते खानदेशातील फैजपूरला. गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलाल आपल्या विद्यार्थ्यांसह तेथे आले आणि बांबू, गवत, चटया अशा भोवताली मिळणाऱ्या वस्तूंतून त्यांनी अधिवेशननगरीची सजावट उभी केली. दीड वर्षाच्या आत गुजरातेतील हरिपुरा अधिवेशनासाठी त्यांनी चांभार, सुतार, कुंभार, दळण दळणाऱ्या बाया, ढोलकी वाजवणारे यांची चित्रे स्थानिक रंगांत, हातकागदावर रंगवली व रंगवून घेतली. ती लावली रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसतील अशी. तिकडे जमलेल्या शेतकऱ्याने आयुष्यात चित्रशाळा पाहिली नव्हती. पण चित्रातला सुतार किकरे कसे धरतो हे त्याला चित्रकाराइतकेच कळत होते. कलेची दारे खुली करणे म्हणजे अडाण्याला शहाणे करणे, हा समज अशा वेळी टिकत नाही.

मद्रासजवळच्या चोळमंडलची कथा अर्थकारणाची आहे. तेथील कला महाविद्यालयाचे प्राचार्य के. सी. एस. पणिकर यांच्या नेतृत्वाखाली चित्रकार-शिल्पकारांनी १९६६ मध्ये समुद्रकाठच्या रेताड जमिनीत आपले गाव वसवले. पैसा कोण्या संस्थानिकाचा नव्हता. बाटिकचे कापड आणि इतर हस्तकलेच्या वस्तू विकून त्यांनी तो उभा केला. गिऱ्हाईक येणे हीच त्यांच्या स्वातंत्र्याची अट होती, त्यामुळे दार बंद ठेवणे परवडणारेच नव्हते. २००९ मध्ये तेथे मद्रास चळवळीतील कलाकृतींचे संग्रहालयही उघडले.

या सर्वांहून शिकण्यासारखे उदाहरण आहे ते आपल्या शेजारच्या कर्नाटकातले. शिमोगा जिल्ह्यातील सागर तालुक्यात हेग्गोडू नावाचे सुपारीच्या बागांतले खेडे आहे. तेथे १९४९ मध्ये ‘नीनासम’ हे हौशी नाट्यमंडळ निघाले. त्याचे सूत्रधार के. व्ही. सुब्बण्णा हे स्वतः सुपारीचे बागायतदार. १९७३ मध्ये तेथे चित्रपट मंडळ सुरू झाले आणि जगातील श्रेष्ठ चित्रपट खेडुतांनी पाहिले. १९८० मध्ये नाट्यशिक्षणाची संस्था निघाली. १९८५ मध्ये ‘तिरुगाट’ ही फिरती नाटक मंडळी निघाली आणि हेग्गोडूत बसवलेली नाटके कर्नाटकातील गावोगावी गेली. १९९१ मध्ये सुब्बण्णांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे दर वर्षी होणाऱ्या संस्कृती शिबिरात नामवंत विचारवंतांपुढे श्रोते म्हणून बसत ते बहुतांशी शिक्षक, कारकून, विद्यार्थी, गृहिणी.

नीनासममध्येही एकांत आहे, निवासी शिक्षण आहे, पहाटेपासूनच्या तालमी आहेत. परंतु तेथे दार उघडण्याचा समारंभ करावा लागला नाही, कारण ज्यांनी दार बसवले ते गावचेच होते. नाटकाचा प्रेक्षक हाच सकाळी दूध घालणारा आणि तोच कधी पडद्यामागे दोर ओढणारा. पीटरबरोने १९१० मध्ये एकदा जे केले, ते हेग्गोडूने वर्षानुवर्षे केले. कोणी म्हणेल, नाटक ही मुळातच समूहाची कला; चित्रकाराला किंवा कवीला हे कसे लागू पडेल? आक्षेपात तथ्य आहे. कवितेची तालीम दाखवता येत नाही. म्हणूनच दार उघडण्याचा एकच नमुना सर्वत्र चालणार नाही, आणि सरकारी परिपत्रकाने तो ठरवणे तर मुळीच योग्य नाही.

महाराष्ट्रात अलीकडे शहरांपासून दोन-तीन तासांच्या अंतरावर, डोंगराच्या कुशीत किंवा खाडीकाठी, कलावंतांसाठी अशा निवासाच्या जागा निघू लागल्या आहेत, आणि ‘खुला दिवस’ हाही त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत दिसू लागला आहे. ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र त्या दिवशी मोटारींतून येणारी मंडळी पुष्कळदा त्याच शहरातील, त्याच वर्तुळातील असतात. गावातील माणसे दिसतात ती चहा देताना आणि वाहने लावून देताना. फलक इंग्रजीत, निवेदन इंग्रजीत, आणि सरपंचाचा सत्कार तेवढा मराठीत. याला दार उघडणे म्हणायचे तर क्रिकेट क्लबानेही आपले दार उघडलेलेच असते.

मराठी खेडे कलावंताच्या एकांताला अपरिचित नाही. पावसाळ्यात तमाशाचा फड बांधला जातो, वग बसवले जातात, आणि दसऱ्यापासून फड बाहेर पडतो. चैत्रातील जत्रांच्या सुपाऱ्या घेण्यासाठी नारायणगावी फडांच्या राहुट्या लागतात, तेथे गावोगावची पंचमंडळी येऊन खेळाचा दर ठरवतात. काही महिने आत, काही महिने लोकांत, ही पाळी त्या कलावंतांनी कोणत्याही परदेशी संस्थेच्या आधी बांधून घेतली होती. त्यांना लोकांनी नावाजले आणि लोकांनीच हिणवलेही, तो इतिहास निराळा आणि फारसा भूषणावह नाही. पण गावकऱ्याला कला समजणार नाही ही भीती नव्या केंद्रांच्या चालकांना वाटत असेल, तर त्यांनी जत्रेच्या रात्री पहिल्या रांगेत बसून पाहावे. चुकलेल्या ढोलकीला तेथे दाद मिळत नाही.

तेव्हा अपेक्षा फार मोठ्या नाहीत. कलावंताला त्याचा एकांत पूर्ण मिळावा. त्याला पर्यटकांपुढे उभे करून चित्र काढायला लावू नये. पण वर्षातून जे दोन-तीन दिवस दार उघडेल त्या दिवसांचे निमंत्रण प्रथम शेजारच्या वाड्यावस्त्यांना जावे आणि ते तोंडी जावे. जिल्हा परिषदेच्या शाळेतील मुलांना रंगीत तालमीसारखे रांगेने फिरवण्याऐवजी चार-चार जणांना एकेका कलावंतापाशी तासभर बसू द्यावे. गावात कोणी वारली चित्रे काढणारा, वाद्याला कातडे चढवणारा, मूर्ती घडवणारा असेल तर त्याच्या घराचे दारही त्याच दिवशी, त्याच पत्रिकेत असावे, आणि शहरातून आलेल्या कलावंताने तेथे पाहुणा म्हणून जावे. माहिती मराठीत असावी. तारीख वार्षिक परीक्षेत किंवा सुगीत येऊ नये. आणि कार्यक्रम सायंकाळी लांबवू नये, कारण तालुक्याला जाणारी शेवटची एस.टी. बहुतेक गावांतून सहा-साडेसहालाच सुटते.